दोन टायमांची घड्याळं

पाटोदा, २८ जुलै

सोमेश्वर,

आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, दोन ओळींचं. सरकारी नोटीस याच्यापेक्षा लांब असते. अप्पांची सगळी घड्याळं शहादेवजवळ द्यावीत, तो दसरा करून दुबईला परत येईल तेव्हा घेऊन येईल, असं तू लिहिलंस. शहादेव आला होता. हातात कापडी पिशवी, जणू माझ्याकडून वांगी न्यायची आहेत.

"काकू, सोमेश्वरदादानं सांगितलंय, घड्याळं द्या म्हणून."

"सोमेश्वरदादाला पाय हायेत का?"

"हायेत की."

"मग त्यांच्यावर चालत ये म्हणावं."

चहा पाजला आणि लावून दिला. गरीब आहे पोरगा, त्याचा काही दोष नाही.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आणि लिहिलेलं तुला मधेच तोडता येत नाही, म्हणूनही लिहिते.

तुझा राग मला पाठ आहे. अप्पा गेले तेव्हा तू म्हणालास, माझ्यासाठी थांबता आलं नाही तुम्हाला? नाही आलं. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात, बसवूनच पुरतात, हे काय तुला सांगायचं? अप्पा पहाटे गेले. उजाडल्यावर त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, जंगमस्वामी आले, शेतात खड्डा तयार झाला. एप्रिलचं ऊन. बसवलेला माणूस त्या उन्हात किती वेळ धरून ठेवायचा? तुझा फोन आला, विमान मिळालंय, चारला पोचतो. चारला म्हणजे विमान उतरणार की तू दारात येणार, आणि ते चार दुबईचे की आपले, हे कुणालाच सांगता येईना. घरात दोन-दोन टायमांची अकरा घड्याळं, आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. शेवटी मी म्हणाले, उचला. मीच म्हणाले, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नको. आजही तेच म्हणेन. मेलेला माणूस घड्याळ बघत नाही.

तू आलास, समाधीवर जाऊन माती हातात घेतलीस आणि घरात पाणी न पिता गेलास. त्याला तीन वर्षं झाली. त्याआधीही यायचास ते एकटाच; रुद्राणीला मी पाहिलं तेव्हा ती रांगत होती. आता सहावीत आहे म्हणे.

तर ऐक. घड्याळं पाहिजेत तर स्वतः ये. पोरीला घेऊन ये. शहादेव, टपाल, कुरिअर, कुणाच्याही हाती देणार नाही. घड्याळं चांगल्या जागी आहेत. तुला वाटेल म्हातारी अडवणूक करतेय. हो, करतेय. माझ्याजवळ अडवून धरायला दुसरं काय आहे?

उद्या नागपंचमी. आशीर्वाद निम्मा देते. राहिलेला इथं येऊन घे.

आई


पाटोदा, १९ ऑगस्ट

रुद्राणीबाई,

हे पान तुझ्या बापानं वाचायचं नाही. वाचलं तर मला इथं कळेल.

त्याच्या पत्राखाली तू पेन्सिलीनं लिहिलंस, 'आजी, अप्पा आजोबांना दोन टाइमची घड्याळे का आवडत होती?' अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, पण माझी शाळा तिसरीत सुटली, माझंही काही बरं नाही. बसून वाच. अडलं तर आईला विचार, बापाला नाही.

तुझे आजोबा कापडाचे दुकानदार. पाटोद्याच्या बाजारात दुकान होतं, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. माल हैदराबादहून यायचा. तुझा बाप जन्मायच्या आधीची गोष्ट, अप्पा माल आणायला गेले आणि साड्यांच्या गठ्ठ्यात गुंडाळून एक घड्याळ घेऊन आले. कुण्या जुन्या नवाबाच्या नातवानं विकायला काढलेलं. सोन्याचं, चपटं, आणि कडेनं गोल गावांची नावं इंग्रजीत लिहिलेली. मला वाटलं, एसटीची पाटीच आहे.

"ह्याच्यात एका टायमाला समद्या दुनियेचा टाइम दिसतो," अप्पा म्हणाले.

"आन् भाकर कोणच्या टायमाला खायची?"

"तू लई कुचकी हायस."

"हाय. वाढू का नको?"

त्या घड्याळाचं नाव आम्ही 'नवाब' ठेवलं. मग अप्पांना नादच लागला. दुसऱ्या कुठल्या घड्याळाकडे बघायचे नाहीत. एका टायमाचं घड्याळ कितीही भारी असलं तरी म्हणायचे, ह्यात काय, हे तर आपल्या पाटोद्यापुरतंच. पोटाला चिमटा घेऊन एक-एक जमवलं. मी नवीन पातळ मागितलं की म्हणायचे, दुकानातलं घे. कापडदुकानदाराची बायको होऊन मी आयुष्यभर डाग पडलेली आणि विणीत चुकलेली पातळं नेसले, हे तुला माहीत असावं.

सगळ्यांना नावं होती. एकात दोन छोट्या तबकड्या शेजारी शेजारी, दोघींचं कधी जुळायचं नाही, तिला 'जावा' म्हणायचो. एक लोखंडी जाडजूड, खाली पडलं तर फरशी फुटेल, तो 'पैलवान'. एकाला लाल काटा होता, तो इकडे चालायचा नाही, दुसऱ्याच देशाचं सांगायचा, त्याला 'पाहुणा'.

का आवडायची ते मला सांगता येणार नाही. काय करायचे तेवढं सांगते. गिऱ्हाईक नसलं की गादीवर तक्क्याला टेकायचे, तुझ्या बापाला मांडीवर घ्यायचे आणि नवाब त्याच्या हातात द्यायचे.

"सांग बरं, लंडनात लोकं काय करायलेत?"

"उठलेत. दात घासायलेत."

"आन् टोकियोत?"

"जेवून भांडी घासायलेत."

तुझा बाप शाळेत जायच्या आधी त्या तबकडीवर जगाचा नकाशा शिकला. मी आतून ओरडायची, "आन् पाटोद्यात कोण भाकरी थापायलंय ते कोणच्या घड्याळात दिसतं?" दोघंही खिदळायचे. तेव्हा मला राग यायचा. आता त्या दुकानात एक मोबाइलवाला बसतो. गादी काढून खुर्ची ठेवलीय त्यानं. बाजारातून येताना मी उगाच आत डोकावते. तो विचारतो, आजी काय पाहिजे? मी म्हणते, काही नाही बाबा, तुझा पंखा चालू आहे का बघते.

अप्पा विमानात कधी बसले नाहीत. हैदराबादच्या पुढं गेले नाहीत. पण लंडनात आता सकाळच्या चहाची वेळ झाली म्हणून भर दुपारी जेवणाच्या ताटावर चहा मागायचे. आणि मी द्यायची. शिव्या देत द्यायची.

एकच दुखणं होतं, अर्धा तास. आपला देश बाकीच्यांपेक्षा अर्ध्या तासानं वेगळा चालतो, हे तुला शाळेत शिकवलं असेल. ती सायबांची घड्याळं पूर्ण तासांच्या हिशोबानं केलेली. दोन्ही काटे लावले की कुठं ना कुठं आपला अर्धा तास चुकायचा. नवाबावर मुंबईचं नाव होतं, पण तिथलाही टाइम खोटा. अप्पा चिडायचे. "सायबानं आपला अर्धा तास खाल्ला," म्हणायचे. गिऱ्हाइकालाही सांगायचे. बाया खण घ्यायला यायच्या आणि हे ऐकून जायच्या.

तुझा बाप दुबईला नोकरीला लागला, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यानं एक घड्याळ पाठवलं. त्याच्यात अर्धा तास लावायची सोय होती. अप्पांनी काटे लावले, हातात बांधलं, आणि बाजाराचा दिवस असून दुकान बंद करून घरी आले. मला वाटलं, कोण गेलं? म्हणाले, "पोरानं आपला अर्धा तास शोधून काढला." रडले नाहीत. पण त्या दिवशी जेवताना माझ्याशी भांडले नाहीत, त्यावरून मी काय ते समजले. त्या घड्याळाचं नाव 'अर्ध्या'.

पोळा तोंडावर आलाय. बापानं विचारलं आजीनं काय लिहिलंय, तर सांग, भाकरी थापायची रीत लिहिलीय.

तुझी आजी
दानम्मा


पाटोदा, ९ सप्टेंबर

सोमेश्वर,

दिवाळीला येतो म्हणतोस. बरं.

या वेळी पत्र सहा ओळींचं होतं. धुणंभांड्याच्या छबुबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आक्का, परत एकदा वाचा की." मी म्हणाले, "तुला कावून पाहिजे? तुझा पोरगा हाय का त्यो?" आणि परत वाचलं.

मी काही नाचले नाही. माडीवरच्या गाद्या उन्हात घातल्या, पण त्या तशाही घालायच्या होत्या.

घड्याळं कुठं ठेवलीस, असं विचारलंस. आता येणारच आहेस तर सांगते, म्हणजे वाटेत तुझा जीव टांगणीला नको. अप्पांच्या मागं जवळजवळ तीन वर्षं मी रोज सकाळी सगळ्यांना चावी देत होते. आधी देवाची पूजा, मग ह्यांची. काही घड्याळांना चावी नसते, हातात घालून माणूस हलला तरच चालतात. ती मी छबुबाईला बांधायची. अंगण झाडताना अर्ध्या, सडा टाकताना पाहुणा. भांड्याला बसली की काढून घ्यायची, पाणी लागायला नको. समद्या बीड जिल्ह्यात एवढं महागाचं घड्याळ घालून अंगण झाडणारी बाई दुसरी नसेल. ती मला म्हणायची, "आक्का, ह्याच्यात माझ्या माहेरचा टाइम कुठला?" तिचं माहेर बीडजवळचं पाली. मी म्हणायची, "मुकाट्यानं झाड."

मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला गावात चोऱ्या सुरू झाल्या. त्यात राधाकिशन नाना दोनदा घरी येऊन गेले. निवडणूक आली की त्यांना हातात काहीतरी चमकणारं लागतं. म्हणाले, "वहिनी, एखादं दोन टायमाचं आमाला द्या. म्हणाल ते देतो."

"नाना, तुमाला दुसरा टाइम कशाला? पहिल्या टायमाला तरी तुमी कुठं येता?"

हसले. नानांना राग येत नाही, तेवढा गुण आहे. पण घड्याळं घरात आहेत ही गोष्ट पंचक्रोशीत झाली. म्हणून होळीच्या सुमारास नवी ज्वारी भरली, तेव्हा सगळी घड्याळं मऊ धोतराच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा मागच्या खोलीतल्या मोठ्या कोठीत, ज्वारीच्या पोटात पुरला. वर दरवर्षीसारख्या किडीच्या गोळ्या टाकल्या, झाकण बसवलं, फटी मातीनं लिंपल्या. चोर लोखंडी कपाट फोडेल, ज्वारी उपसत बसणार नाही. आत मुंगीसुद्धा जायची नाही, माणसाची काय कथा.

ती कोठी दिवाळीपर्यंत उघडायची नव्हती, छोट्या कोठीत खाण्यापुरतं आहे. पण तू यायच्या आधी उघडीन म्हणते.

रुद्राणीला खोकला आहे लिहिलंस. हळदीचं दूध दे. गार हवेच्या मशिनीसमोर झोपवू नको.

आई


पाटोदा, २६ सप्टेंबर

सोमेश्वर,

तुझं पत्र मिळालं. कोणकोणतं घड्याळ चालू आहे, नवाबाची चावी घट्ट तर झाली नाही ना, असं विचारलंस.

पाऊस लई आहे. थांबायचं नाव नाही. सोयाबीन पाण्यात उभं आहे. मांजरसुंब्याच्या घाटात दोन दिवस गाड्या अडकल्या होत्या. मी मधे बीडला जाऊन आले, दाताचं दुखणं निघालं होतं. छबुबाई बरोबर होती. येताना ढाब्यावर चहा घेतला, नुसतं साखरपाणी.

नवरात्र बसलंय. घट छान उगवलाय.

तिकीट काढलंस हे बरं केलंस. माडीवरचा पंखा दुरुस्त करून घेतला. रुद्राणीच्या मापाचं परकर-पोलकं शिवायला टाकलंय, माप अंदाजानं दिलंय. तोकडं झालं तर खाली पट्टी लावू.

घड्याळांचं आल्यावर बघू.

आई


पाटोदा, ४ ऑक्टोबर

सोमेश्वर,

हे पत्र शहादेवच्या हाती देते. उद्या त्याचं विमान आहे. पाकीट चिकटवलंय आणि त्याला सांगितलंय, फोडलंस तर पाटोद्यात परत तोंड दाखवू नको.

घड्याळं गेली. चोरी झाली नाही. माझ्या हातानं गेली.

दाताचं खोटं होतं. मला दात आहेत कुठं?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कोठी उघडली. तू यायच्या आधी सगळ्यांना चावी द्यावी, दारात पाय ठेवलास की आतून टिकटिक ऐकू यावी, असा माझा बेत होता. हसू नको. ज्वारी नंबर एक होती, एक किडा नाही. डबा वर काढला, धोतराचा तुकडा सोडला, तर नवाब काळा. सोनं म्हणजे तव्याचं बूड. पदरानं पुसला, पुसून काही होईना. चावी फिरेना. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. जावांचे दोन्ही काटे एकाच जागी बंद. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

मी तिथंच ज्वारीवर बसून राहिले. छबुबाई म्हणाली, "आक्का, उठा, मुंग्या येत्याल." कुठल्या मुंग्या?

दुसऱ्या दिवशी डबा पदराखाली घेऊन जीपनं बीडला गेलो. घड्याळवाल्यानं नवाब मागून उघडला. आतली चाकं हिरवी-काळी, एकमेकांना चिकटलेली. तो म्हणाला, "आजी, समुद्राकाठी ठेवलं होतं का?" मी म्हणाले, "बीडला समुद्र कुठला रे बाबा?" त्याला काही उमगलं नाही. तेल घालून बघतो म्हणाला. मी म्हणाले, मेलेल्याला तूप पाजून काय होतं, दे इकडं.

घरी आल्यावर छबुबाई भांड्याला बसली. कोठीवरची तांब्याची घागर घासत होती. मी नेहमीसारखी म्हणाले, "हात चालव जरा, घागर बघ किती काळी." तर त्या दिवशी पहिल्यांदा ती उसळली. "आक्का, चिंच लावली, राख लावली, मीठ लावलं. दर सालाला तुमी कोठीत गोळ्या टाकता आन् दर सालाला ही घागर काळी हुती. आन् दर सालाला शिव्या मला!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खताच्या दुकानात जाऊन विचारलं. तो म्हणाला, हो आजी, त्या गोळीचा वायू तांबं, पितळ, सोनं सगळं खातो, ज्वारी तेवढी सोडतो. इतकी वर्षं गोळ्या वापरते, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि घागर सांगत होती ते मी ऐकलं नाही. छबुबाईची माफी मागितली नाही. पण घागर तिला देऊन टाकली.

शहादेवला मी डबा दाखवला. त्यानं डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "काकू, दादाला आत्ता काय बी सांगू नका. तिकीट निघालंय. येऊ द्या. आल्यावर कळंल. दारात आलेला माणूस परत जातो व्हय?"

"गेलता की. तीन वर्षांमागं आलता आन् पाणी न पिता गेलता."

तरी त्याचं म्हणणं मी आठ-दहा दिवस डोक्यात घोळवलं. त्या नादातच दाताचं पत्र लिहिलं. वाटलं, येऊ दे, परकर-पोलकं घालून पोर अंगणात फिरू दे, दोन दिवस तरी घरात माणसं दिसू देत, मग डबा काढू. पण पुढचं दिसायला लागलं. तू डबा उघडणार. अप्पांच्या वेळी तू उगाच रागावलास असं मी म्हणू शकत होते, आणि म्हणतेच. ह्या वेळी तुझा राग खरा असेल. तू बॅग उचलून पुन्हा त्याच दारातून जाशील, आणि आता रुद्राणी बघत असेल. तेवढं मला नको. त्यापेक्षा तू न आलेला बरा.

पैलवान तेवढा जिवंत आहे. लोखंडाचा, घट्ट झाकणाचा, त्याला काही झालं नाही. तो तुझ्यावर गेलाय.

अर्ध्याचं लिहायचं मागं मागं ढकलत होते. तबकडीला फोड आल्यासारखं झालंय. काटे अडकलेत. हलवून बघितलं, अप्पांसारखं कानाला लावून बघितलं. काही नाही.

अप्पा असते तर मला काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. दोन दिवस बोलले नसते आणि तिसऱ्या दिवशी चहा मागितला असता. ते तरी सोपं होतं.

आता घड्याळांच्या नावावर मला तुला बोलावता येत नाही. दुसरं काही अडवून धरायला नाही. तिकीट रद्द केलं तर किती कापतात, ते शहादेवला विचारलं. म्हणाला, थोडं कापतात. यायचं नसलं तर तसं कळव, गाद्या गुंडाळून ठेवते, उंदीर फार झालेत.

आई


पाटोदा, ९ ऑक्टोबर

सोमेश्वर,

हे पान छबुबाईची सून वनमाला मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिनं वाचायचं नाही असं ठरलंय, पण ती वाचणार.

शहादेव उतरला त्याच संध्याकाळी छबुबाईच्या फोनवर तुझा फोन आला. मी पडवीत लसूण सोलत होते. फोन तिनं धरला आणि मला ऐकू यावं म्हणून गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली.

"आक्का, दादा इचारतेत, तुमी त्या कोठीच्या खोलीत झोपता का?"

"त्याला म्हणावं, डब्याचं वाचलं का?"

"दादा म्हणतेत, डबा मरू द्या. त्या खोलीत झोपता का?"

"न्हाई म्हणावं."

"खोकला हाय का? चक्कर येती का? मळमळ हुती का?"

"छबुबाई, हे तू इचारायलीस का त्यो?"

"त्योच इचारायलाय. रडायलाय बी वाटतं."

"नेटवर्क गेलं आसंल."

तुझा आवाज मला ऐकू आला नसता हे खरं, पण मला बोलता आलं असतं हेही खरं. फोन घेतला नाही. लसणाचे हात होते. म्हणून जे विचारलंस त्याचं उत्तर इथं लिहिते, नीट वाच, म्हणजे पुन्हा छबुबाईला ओरडायला लावणार नाहीस.

त्या खोलीत मी झोपत नाही. गोळ्या टाकल्या की तिथं मी कुणाला फिरकू देत नाही, मांजरालासुद्धा नाही. ते अप्पांनी सांगून ठेवलं होतं. माणसाला विष आहे हे मला ठाऊक होतं, घड्याळालाही असतं हे नव्हतं. खोकला नाही. चक्कर येत नाही. मळमळ राधाकिशन नानांचं भाषण ऐकलं की होते, ती जुनीच आहे.

छबुबाईनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, घड्याळांचं काय म्हणाला? म्हणाली, काहीच नाही. मी म्हणाले, नीट आठव. म्हणाली, आक्का, खरंच काही नाही, कोठी घराबाहेर काढा म्हणाले आणि लवकरचं तिकीट बघतो म्हणाले. मी तिला तीन वेळा विचारलं. ती चिडून घरी गेली.

कोठी मी काढणार नाही. ज्वारी काय तुझ्या दुबईत ठेवू? पण यापुढं गोळ्या टाकायच्या नाहीत असं ठरवलंय. कडूनिंबाचा पाला घालीन. थोडी ज्वारी किडेल, किडू दे.

त्या खोलीची दोन्ही दारं उघडून ठेवलीत, वारा फिरतोय. डबा माडीवर ठेवलाय, तुला बघायचा तेव्हा बघ, नाही बघितलास तरी चालेल. परकर-पोलकं शिवून आलं. मोठंच झालंय, म्हणजे बरंच झालं. उद्या शेंगा भाजून चटणी कुटायला घेते. रुद्राणी तिखट खाते का ते कळव. खात नसली तरी मी चटणी आपल्यासारखीच करणार. तिनं पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावं.

आई